गोंदासाठी सोडलेली माया

माझ्या कपाटावर एक वाफेचं कागदी इंजिन उभं आहे. उभं म्हणजे दोन काडेपेट्यांवर टेकवलेलं. बॉयलर आहे, धुराडं आहे, ड्रायव्हरच्या खोलीत कोळसा ओढायचं नखाएवढं फावडंसुद्धा आहे. ते चिकटवताना मी श्वास रोखून धरला होता, नाहीतर फुंकरीनं उडालं असतं. चाकं नाहीत. चाकांचं पान माझ्याकडे आलंच नाही.

हे इंजिन पूर्व युरोपातल्या एका छंद-मासिकातलं. कुणीतरी त्याचा जुना अंक घरच्या स्कॅनरवर पालथा घातला आणि पानांची चित्रं इंटरनेटवर सोडून दिली. मी ती उतरवून घेतली, जाड कागदावर छापली आणि कात्री घेऊन बसले. पानं बारा हवी होती, अकरा होती. मी मोजली नव्हती. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपण म्हणतोच. पण तिसऱ्या आठवड्यात भाग क्रमांक एकेचाळीसपाशी येऊन अडले तेव्हा कळलं, की ही गाय धर्माची नव्हतीच. कुणाच्या तरी गोठ्यातून दावं कापून आणलेली होती, आणि आणणाऱ्यानं तिचे पाय तिथेच ठेवले होते.

चिडायचं तरी कुणावर? ज्यानं स्कॅन केलं त्याचं नाव नव्हतं. ज्यानं इंजिन आखलं त्याचं नाव बहुधा त्या बाराव्या पानावर असावं. त्या रात्री पहिल्यांदा मला प्रश्न पडला, की या कागदाच्या तुकड्यांवर गेली काही वर्षं माझी बोटं चिकट होताहेत, ते मला नेमकं कोण देतंय?

कागदी मॉडेलं म्हणजे शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला केलेलं घर, एवढाच अनेकांचा समज असतो. हे जग त्याहून बरंच खोल आहे. पोलंडमध्ये १९५७ साली 'मावी मोडेलाश' नावाचं मासिक सुरू झालं. नावाचा अर्थ 'छोटा मॉडेलकार'. अंक म्हणजे लेखांची गर्दी नव्हे, अख्खा अंकच एक विमान, एक जहाज किंवा एक रणगाडा. पानापानांवर रंगीत भाग पसरलेले, ते कापायचे, दुमडायचे आणि चिकटवायचे. त्याच वर्षी प्रागमध्ये 'आबेत्से' निघालं. छोट्या तंत्रज्ञांसाठी आणि निसर्गप्रेमींसाठी काढलेल्या या मासिकात विज्ञान, प्राणी, यंत्रं असं सगळं असे, पण मुलं अंक हातात आल्याबरोबर उघडत ती कापून काढायची पानं. झेक भाषेत अशा पानांना 'विस्त्रशिहोवांकी' म्हणतात. यातला र आणि श एकाच वेळी उच्चारायचा असतो. मी प्रयत्न करून पाहिला आहे, जीभ चावली जाते.

त्या 'आबेत्से'मध्ये रिचर्ड विश्कोव्हस्की नावाच्या वास्तुविशारदाचे किल्ले आणि जुनी घरं येत. हा माणूस खरोखरचा आर्किटेक्ट. त्यानं आखलेला बुरूज जोडताना जाणवतं, की छप्पर कुठे बसतं, भिंत कुठे वळते, हे त्याला दगडातही ठाऊक होतं आणि कागदातही. अवघड कोपऱ्यात तो तुम्हाला एकटं सोडत नाही. लहान मुलाच्या कात्रीला जमेल इतकाच बारकावा तो ठेवतो, आणि तरीही समोर उभा राहतो तो किल्लाच, किल्ल्यासारखं काहीतरी नव्हे.

जर्मनीचा वारसा याहून जुना. एस्लिंगेनमध्ये १८३१ साली सुरू झालेल्या श्रायबर या प्रकाशनसंस्थेचे कापायचे ताव पिढ्यान्‌पिढ्या घराघरात गेले. विल्हेल्म्सहाफेन या बंदराच्या गावाच्या नावानं निघणाऱ्या तावांवर जहाजं असतात, आणि त्यांचं प्रमाण १:२५०, म्हणजे खऱ्या जहाजाच्या अडीचशेव्या भागाएवढं. पोलिश मासिकांमधलं प्रमाण निराळं. तिथे विमान बहुतेकदा १:३३ असतं, रणगाडा १:२५ आणि जहाज १:२००. सगळ्यांनी एकत्र बसून एकच आकडा का ठरवला नाही, हे देवच जाणे. माझ्या फळीवर जर्मन बोट पोलिश बोटीशेजारी ठेवली की मालक आणि नोकर शेजारी उभे असल्यासारखं दिसतं.

हे सगळं बघून हावरेपणा सुटतो. भाषा येत नसली तरी शोधखिडकीत दोन शब्द चिकटवता येतात. माझा गोंधळ तिथेच सुरू झाला, कारण पहिला शब्द मी टाकायचे तो 'फुकट'.

या एका शब्दासाठी आपल्याकडे चार शब्द आहेत: फुकट, मोफत, विनामूल्य, मुक्त. फुकट म्हटलं की खिशाला हात न लागल्याचा आनंद आधी येतो, 'फुकट ते पौष्टिक'. मुक्त म्हटलं की वस्तू कुणाच्याच दावणीला नाही असं वाटतं. विनामूल्य हा सरकारी कागदावरचा शब्द. मला हवा होता तो पाचवाच, आणि तो सापडला झेकमध्ये. तिथे फुकटला 'झ्दार्मा' म्हणतात. पोलिशमध्ये 'दार्मोव्ही'. दोन्हींच्या पोटात 'दार' आहे, आणि त्या भाषांत दार म्हणजे भेट. हा 'दार' आणि आपलं 'दान' एकाच धातूपासून फुटलेले. म्हणजे झ्दार्मा म्हणजे नुसतं पैसे न घेता नव्हे, कुणीतरी दिलेलं. रशियन 'बेस्प्लात्ना' तेवढं सांगत नाही. त्याचा अर्थ 'मोबदल्याविना' इतकाच. जर्मन 'कोस्टेनलोस', खर्चाविना. जपानी 'मुर्यो', शुल्काविना. देणारा कुणी आहे की नाही, याबद्दल हे शब्द गप्प राहतात.

गंमत पुढे आहे. झेकमध्ये नुसतं 'दार्मो' म्हटलं तर त्याचा दुसरा अर्थ होतो: व्यर्थ. तीन आठवडे आणि बिनचाकांचं इंजिन, या दोन्हींना पुरेल असा शब्द.

तेव्हापासून मी शोधायची रीत बदलली. 'फुकट उतरवून घ्या' असे शब्द जोडून टाकले की चोरीच्या स्कॅनचा डोंगर समोर येतो, आणि वर जाहिरातींची माशी घोंगावते. त्याऐवजी मासिकाचं नाव टाकते, प्रकाशकाचं नाव टाकते, आणि मासिकाच्या स्वतःच्या पानावर पोचून तिथे काय ठेवलंय ते पाहते. पोलिशमध्ये 'दो पोब्रान्या' आणि झेकमध्ये 'के स्ताझेनी' हे 'उतरवून घेण्यासाठी' असे कप्पे. एवढे दोन शब्द ओळखता आले तरी पुष्कळ काम होतं. मासिकं आणि प्रकाशक तिथे स्वतःहून काहीबाही ठेवतात: नमुना म्हणून एखादी छोटी गाडी, आधीच्या अंकातल्या चुकीचं दुरुस्त पान, एखाद्या वर्धापनदिनाचं घड्याळ. मोठ्या जहाजांची अपेक्षा करू नये. जे विकून त्यांचं घर चालतं ते ते का वाटतील? पण हे लहानसहान तुकडे बहुतेकदा फार जीव ओतून केलेले असतात, कारण वाचकाची आणि आखणाऱ्याची ती पहिली भेट असते.

दुसरी सवय लागली ती मासिकाचं सगळ्यात कंटाळवाणं पान आधी वाचायची. आपल्याकडे मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असलेली बारीक टायपातली चौकट असते, तशी प्रत्येक देशात असते. झेक मासिकात तिला 'तिराश' म्हणतात, जपानी पुस्तकात शेवटच्या पानावरच्या 'ओकुझुके'मध्ये ती असते, आणि जर्मनीत 'इम्प्रेसुम'. जर्मन कायद्याला तर ही चौकट छापील मासिकापुरती पुरत नाही; तिथे धंद्याच्या संकेतस्थळावरही मालकाचं नाव आणि पत्ता जाहीर करावाच लागतो. मॉडेल मिळालं आणि इम्प्रेसुम मिळालं नाही, तर मी पाय मागे घेते. आपलं नाव सांगायला जो तयार नाही त्याच्या हातचं घेऊ नये, एवढं तर आजीनं शिकवलंच होतं.

चौकटीतली वाक्यं मी आता अर्थासकट ओळखते. 'आल्ले रेश्टे फोरबेहाल्टन', सर्व हक्क राखीव. 'नूर फ्युर डेन प्रिव्हाटन गेब्राउख', फक्त खासगी वापरासाठी. जपानी 'मुदान तेन्साई किन्शी', परवानगीविना पुनर्मुद्रण करू नये. यातली दुसरी ओळ दिसली की मला बरं वाटतं. ती म्हणते, कर बाई, घरी बसून खुशाल कर. विकू नकोस, पुढे वाटू नकोस. एवढ्यात माझं सगळं भागतं. मला दुकान थोडंच काढायचंय?

चौकटच नसेल तर काय, हा प्रश्न मलाही पडला होता. नाव नाही म्हणजे मालक नाही, असा सोयीस्कर समज फार जण करून घेतात. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न करारात १९०८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासूनची रीत अशी, की हक्क मिळवायला नोंदणी लागत नाही आणि गोलातला तो सी छापायलाही लागत नाही. रेघ ओढली की हक्क आला. अमेरिकेनं बराच काळ हट्ट धरला होता. तिथे १ मार्च १९८९ पर्यंत छापील सूचनेला महत्त्व होतं. पण करारातल्या बाकी देशांत सूचनेचा अभाव म्हणजे परवाना नव्हे. शिवाय एखाद्या मोठ्या डिजिटल संग्रहात अंक दिसला म्हणून तो मोकळा झाला असंही नाही. तिथे कुणीही काहीही चढवू शकतो. ग्रंथालयाच्या पायरीवर कुणी पुस्तक ठेवून गेलं, म्हणून ते ग्रंथालयाचं होत नाही.

विश्कोव्हस्की १९२९ साली जन्मले आणि २०१९ साली गेले. युरोपात हक्क राहतो तो मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे त्यांचे किल्ले २०८९ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. मी तोवर नसेन. माझा कात्री धरायचा अंगठा तर त्याच्या पुष्कळ आधी संपावर गेलेला असेल. हे गणित करताना आधी थोडा राग आला. मग वाटलं, ज्यानं आयुष्यभर मुलांच्या कात्रीचा विचार करून रेघा ओढल्या, त्याच्या घरी सत्तर वर्षं काही पोचत राहिलं तर माझं काय जातं?

खरंच जुनं हवं असेल तर वाट वेगळी आहे. फ्रान्समधल्या एपिनाल गावी पेलेराँनं १७९६ साली चित्रांचा छापखाना काढला. तिथून पुढे एकोणिसाव्या शतकात सैनिक, रंगमंच, घरं असे कापायचे ताव निघाले. त्यातले बरेच फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या डिजिटल दालनात दिसतात, आणि व्यापारी नसलेल्या वापराला ग्रंथालयाची हरकत नसते. उगम तेवढा सांगायचा. हे ताव करायला घेऊ नका, असा माझा प्रेमाचा सल्ला आहे. आखणी ढोबळ, चिकटवायला जागाच नसते, रंग रेघेबाहेर सांडलेले. पण पाहायला! एकेका तावावर अख्खं लग्न, अख्खी लढाई. मी एक रंगमंच छापला आणि न कापता भिंतीला लावला.

जपानचा उल्लेख मघाशी ओझरता केला, पण माझ्या टेबलाचा निम्मा भाग तिथलाच आहे. मुलांच्या मासिकांबरोबर काही ना काही जोडून देण्याची तिथे जुनी रीत आहे, त्याला 'फुरोकू' म्हणतात. शोगाकुकान या संस्थेनं पहिलीतल्या मुलांसाठीचं मासिक १९२५ साली काढलं. अशा मासिकांच्या पोटातून पुढे किती कागदी किल्ले, कॅमेरे आणि चक्रं बाहेर पडली याला गणती नाही. ती सवय इंटरनेटवरही उतरली. कॅननच्या 'क्रिएटिव्ह पार्क'वर इमारती, प्राणी, यंत्रं अशी अगणित मॉडेलं घरगुती वापरासाठी खुली आहेत. छपाईची यंत्रं विकणाऱ्यानं छापायचं साहित्य वाटावं यात त्याचा स्वार्थ आहेच. असू दे. स्वार्थ उघड दिसतोय, नाव दिसतंय, अटी लिहिलेल्या आहेत, आणि पानं पूर्ण आहेत. याहून जास्त सज्जनपणा मी मागत नाही.

यामाहानं तर मोटरसायकली दिल्या होत्या. प्रत्येक पाइप, प्रत्येक नट कागदाचा. सोबत जगातले दुर्मीळ प्राणीही होते. २०१८ साली ते पान बंद झालं. माझी एक मोटरसायकल तेव्हा निम्मी झालेली होती. फायली माझ्याकडे उतरवलेल्या होत्या म्हणून पुरी झाली. नंतर काही ओळखीच्या लोकांनी विचारलं, आम्हाला पाठव ना. मी पाठवल्या नाहीत, आणि त्यावरून एकीनं माझ्याशी बोलणं सोडलं. देणाऱ्यानं दार लावून घेतलं तरी अटी घरात राहतात, असं मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं, मग त्या मोटरसायकली कुणीच करायच्या नाहीत का? या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

जपानी सूचना वाचता येत नाहीत, तरी काम अडत नाही. डोंगर आणि दरी ही दोन चित्रं डोक्यात ठेवली की झालं. 'यामाओरी' म्हणजे डोंगरघडी, कडा वर येते. 'तानिओरी' म्हणजे दरीघडी, कडा आत जाते. दोन्ही रेघांवर आधी शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला टेकवून फिरवायचं, म्हणजे कागद सांगितलेल्या जागीच मोडतो. तिसरा शब्द 'नोरिशिरो'. भागाच्या कडेला जो छोटा कान सोडलेला असतो, ज्याला गोंद लावून दुसरा भाग बसवायचा, तो. नोरी म्हणजे गोंद. शिरो म्हणजे त्यासाठी राखलेली जागा. मराठीत याला काय म्हणावं, कान, पट्टी की जीभ, यावर मी बरेच दिवस घोटाळत होते. मग दिसलं, की शिवणकामात शिलाईच्या बाहेर जो कपडा सोडतात त्याला जपानीत 'नुइशिरो' म्हणतात. तोच शिरो. आणि माझी आई मशीनवर बसली की म्हणायची, 'थोडी माया सोड गं, नाहीतर उसवेल.' माया! गोंदासाठी सोडलेली माया. त्या दिवशी मी एकटीच खोलीत हसले.

मायेवरून माणूस कळतो. घाईत आखलेल्या मॉडेलात माया कमी पडते, नाहीतर नको तिथे सोडलेली असते, वर्तुळाच्या आतल्या बाजूला, जिथे बोट शिरतच नाही. चांगला आखणारा ती त्रिकोणी दात्यांची करतो, वळणावर बारीक करतो, आणि शेवटचा भाग बंद करताना कोणत्या मायेवर दाब द्यायचा तेही ठरवून ठेवतो. हे सगळं तो स्वतः आधी पाचसहा वेळा जोडून पाहतो. असं मॉडेल कुणी 'घ्या' म्हणून समोर ठेवलं, की त्याच्या संध्याकाळीही त्यात आल्या.

स्कॅनमध्ये या संध्याकाळी हरवतात, हे मी शब्दशः म्हणतेय. आखणाऱ्यानं स्वतः दिलेली फाइल बहुतेकदा रेघांची असते. कितीही मोठी करा, रेघ केसासारखी राहते आणि माप तेच राहतं. स्कॅन म्हणजे ठिपक्यांचं चित्र. ए-फोर पान तीनशे ठिपके प्रति इंच या मापानं घेतलं तर ते २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं. ते चित्र चार हातांतून गेलं, कुणी जागा वाचवायला लहान केलं, कुणी कडा छाटल्या, तर मूळ माप किती होतं हे सांगणारी खूण त्यात उरतेच असं नाही. त्यात अंकाच्या मधल्या पिनेजवळचा कागद वर उचललेला असतो. तिथल्या रेघा वाकतात आणि सावली पडते. मग दोन भाग एकमेकांना मिळत नाहीत, आपण स्वतःच्या कात्रीला दोष देतो, आणि चोरी पचते.

माझी चूकही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. एका अमेरिकन अंतराळयानाचं मॉडेल मी तिथल्या सरकारी अवकाशसंस्थेच्या पानावरून घेतलं होतं. तिथे संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टींवर त्या देशात कॉपीराइट नसतो, त्यामुळे अवकाशवेड्यांची ती चंगळच आहे; बोधचिन्ह मात्र वाटेल तसं वापरता येत नाही. फाइल उत्तम, पानं पूर्ण, सूचना स्पष्ट. पहिली दोन पानं मी खऱ्या मापात छापली. पुढची दुसऱ्या दिवशी छापली, तेव्हा 'पानावर बसवा' ही खूण चालू राहिली होती. अमेरिकन लेटर कागद २१५.९ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१०. बसवताना यंत्रानं चित्र सत्त्याण्णव टक्क्यांवर आणलं. तीन टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. इंधनटाकीची चकती ४० मिलिमीटर व्यासाची होती, तिला वेढायला सुमारे १२५.७ मिलिमीटरची पट्टी लागते. माझी पट्टी भरली १२१.९. पावणेचार मिलिमीटरची फट. त्या फटीतून माझं सगळं अंतराळ बाहेर सांडलं. आता प्रत्येक छापील पानावर मी आधी पट्टी ठेवते. बऱ्याच आखणाऱ्यांनी कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची रेघ त्यासाठीच दिलेली असते. दिलेली नसेल तर खऱ्या वस्तूचं माप आठवायचं आणि प्रमाणानं भागायचं.

एक कप्पा अजून निसरडा आहे, तो ओझरता सांगते. 'पेपाकुरा' नावाच्या जपानी सॉफ्टवेअरनं संगणकातला कुठलाही त्रिमिती आकार सपाट कागदावर उलगडता येतो. त्यामुळे खेळांमधली, चित्रपटांमधली पात्रं हौशी लोक करतात आणि खुशाल वाटतात. वाटणाऱ्याची मेहनत त्याची असते, पात्र मात्र दुसऱ्याचं. शेजाऱ्याच्या आंब्याचं लोणचं घालून गावजेवण घालावं तसं. लोणचं छान असतं.

तर ते इंजिन. एका संध्याकाळी त्या मासिकाच्या तिराशमधून पत्ता काढला आणि संपादकांना मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहिलं. माझ्याकडे तुमच्या एका इंजिनाचा स्कॅन आहे, तो मी असा घेतला, त्यात एक पान नाही, ते पान मिळेल का? निम्मं पत्र माफीचं झालं होतं. उत्तर चार ओळींचं आलं. सुटं पान देता येणार नाही, पण तो अंक पुन्हा छापला आहे आणि विक्रीला आहे. सोबत त्याच प्रमाणातल्या कोळशाच्या डब्याची फाइल, जोडून बघा, ही आम्ही सगळ्यांना देतो. खाली आखणाऱ्याचं नाव होतं. माझ्या चोरीबद्दल एक अक्षर नव्हतं.

अंक मागवला. पाकीट आल्यावर बाराव्या पानाशीच आधी पोचले. चाकं होती, सगळी, आरे लाल रंगात. ती कापली, जाड पुठ्ठ्यावर चढवली, कडेचा पांढरा कागद काळ्या रंगानं झाकला, आणि कपाटावरचं इंजिन काडेपेट्यांवरून उतरवलं. आस चाकात बसेना. घासून पाहिलं, दाबून पाहिलं. मग पट्टी घेतली. तिकडच्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, १:४५ प्रमाणात ते जवळजवळ ३२ यायला हवं. नव्या अंकात चाकांसाठी सोडलेलं अंतर ३२ होतं. माझ्या इंजिनात साडेतीस. ज्यानं कुणी स्कॅन केलं होतं त्यानं इंजिन चार-पाच टक्के लहान करून मला दिलं होतं, आणि मी ते तीन आठवडे खरं समजून जोडलं होतं.

डबा छापून, पट्टी लावून, जोडून तयार आहे. त्याचा जोडायचा आकडा नव्या इंजिनाच्या पानावरच्या आकड्याशी बरोबर उंचीला येतो. नवं इंजिन अजून सपाट आहे. काल रात्री बॉयलरची पट्टी वळवायला घेतली, मायेला गोंद लावला आणि हातात धरून बसले. सुकायला दहा मिनिटं लागतात. समोर जुनं इंजिन पुन्हा काडेपेट्यांवर ठेवलेलं होतं.